प्राशन आणि पुरावा

मद्यप्राशन हा मूळचा अल्पजीवी व्यवहार आहे. पिणारा गृहस्थ कितीही रसिक आणि सावकाश असला, तरी सूर्यास्तानंतर आरंभिलेले त्याचे अनुष्ठान मध्यरात्रीच्या आत समाप्त होते, आणि उरलेले विधी निद्रेच्या स्वाधीन करून तो मोकळा होतो. परंतु हेच प्राशन एकदा मुंबईच्या दारूबंदी अधिनियमाच्या कक्षेत शिरले, की त्यास जे दीर्घायुष्य लाभते ते भल्याभल्या सत्कृत्यांनाही लाभत नाही. त्याचा पंचनामा होतो, त्याला नंबर पडतो, त्याच्या तारखा लागतात आणि तहकूब होतात, त्याचा निकाल होतो, त्या निकालावर अपील होते. आणि ज्या नवटाकाला घशाखाली उतरावयास दोन घोट पुरले, तो उतरला होता की नव्हता याचा विचार दोन वकील, दोन पंच, एक हवालदार, एक डॉक्टर, एक रासायनिक विश्लेषक आणि प्रसंगी पाच न्यायमूर्ती एवढी मंडळी पूर्ण शुद्धीवर राहून वर्षानुवर्षे करीत बसतात. पिणारा मात्र ते सारे दुसऱ्या दिवशी सकाळीच विसरलेला असतो.

दारूबंदी इष्ट की अनिष्ट या वादात मला पडावयाचे नाही. त्या वादाने व्याख्यानमालांची आणि विधिमंडळाची पुष्कळ सेवा केलेली आहे, आणि दोन्ही पक्षांचे वक्ते आपापल्या मतावर आजही तितकेच ठाम आहेत. माझे कुतूहल आहे ते शिक्षा झाल्यावर वरच्या कोर्टात दाद मागणाऱ्या मद्यप्याविषयी, कारण आमच्या वाङ्मयाने त्याची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सुधाकर हा वस्तुतः वकील, सनद रद्द होणे हेच त्याच्या पहिल्या प्याल्याचे निमित्त, त्याच्या हाती तो प्याला देणारा तळीराम त्याचाच कारकून. म्हणजे अपिलास लागणारी सारी सामग्री एका घरात सिद्ध होती. पण ते नाटक रंगभूमीवर आले त्या काळी पिणे हे पाप होते, गुन्हा नव्हता. आणि पापाच्या निकालावर अपील चालत नाही. ती सोय पुढे सरकारने करून दिली.

सोय एका दिवसात झाली नाही. १९३७ सालच्या काँग्रेस मंत्रिमंडळात अबकारी खाते डॉक्टर गिल्डर या विख्यात हृदयरोगतज्ज्ञांकडे होते, आणि त्यांनी १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदीचा प्रयोग आरंभिला. शहराच्या हृदयावर या उपचाराचा काय परिणाम होतो हे नीट पाहावे, तोच महायुद्ध उपस्थित झाले आणि काही महिन्यांतच मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजीभाई देसाई गृहमंत्री असताना मात्र हे कार्य हयगयीवर सोपविले गेले नाही. १९४९ सालचा पंचविसावा अधिनियम १६ जून रोजी अमलात आला, आणि पुढच्या वर्षाच्या एप्रिलपासून सबंध इलाखा, निदान राजपत्रात तरी, कोरडा झाला. या अधिनियमाची व्याप्ती पाहून कोणाही शास्त्रकाराने मान डोलवावी. ताडीच्या झाडाचा रस सूर्योदयापूर्वी नीरा या नावाने राष्ट्रीय पेय ठरावा, आणि तोच रस उन्हाने आंबला की त्याच्या धन्याने तुरुंगाची वाट धरावी, इतका सूक्ष्म विवेक त्यात होता. फक्त सूर्यावर खटला भरण्याची तरतूद तेवढी राहून गेली.

मूळ कायद्यातील मद्याची व्याख्या अशी उदार होती, की ज्यात ज्यात मद्यार्क आहे ते ते सर्व मद्य. त्या व्याख्येत व्हिस्की आली, ब्रँडी आली, त्याचप्रमाणे खोकल्यावरचे औषधही आले आणि रुमालावर शिंपडावयाचे सुवासिक पाणीही आले. फ्राम नसरवानजी बलसारा नामक पारशी गृहस्थांनी यावर हायकोर्टात अर्ज गुदरला. त्यांना कोणी पकडले नव्हते की शिक्षाही झाली नव्हती; तथापि व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन आणि यूदकोलन बाळगण्याचा व सेवन करण्याचा आपला हक्क त्यांनी अशा विस्ताराने मांडला, की ती यादी वाचणाऱ्या न्यायाधीशास तहान लागली नसेल तर तो केवळ संयमाचा भाग. मुंबईस मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी, आणि नंतर दिल्लीस सर्वोच्च न्यायालयाने, या कायद्याचे एकेक कलम उजेडात धरून तपासले. २५ मे १९५१ रोजी न्यायमूर्ती फाजल अली यांनी लिहिलेल्या निकालपत्राने दारूबंदी उचलून धरली, परंतु मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने यांच्यापुरता मनाई हुकूम घटनाबाह्य ठरविला. पिण्याचा मूलभूत हक्क काही बलसारांना मिळाला नाही. आजारी पडण्याचा हक्क मात्र साऱ्या इलाख्यास मिळाला, आणि वकिलांच्या खोल्यांतून त्या हक्काचे मूल्य ताबडतोब ध्यानात आले.

ते मूल्य किती ताबडतोब ध्यानात आले याचा दाखला अवघ्या चार दिवसांनी घडला. २९ मे १९५१ रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास कुलाब्याकडे जाणाऱ्या एका जीपगाडीचा अपघात झाला. गाडी हाकणारे गृहस्थ सरकारी अधिकारी होते, आणि अधिकारी तरी कोणत्या खात्याचे? इतरांनी गाडी हाकावी की न हाकावी हे ज्यांच्या सहीने ठरते, त्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे ते हंगामी प्रमुख होते. अपघाताची हकीगत आपल्या विषयाबाहेरची आहे. आपल्याला हवा तो भाग डॉक्टरांच्या तपासणीचा. श्वासास मद्यार्काचा वास येत होता, डोळे तांबारलेले होते. परंतु बोलणे सुसंगत होते, वागणूक शिष्ट होती, आणि जमिनीवरच्या सरळ रेषेवरून चालावयास सांगितले असता ते सरळ चालत गेले. डॉक्टरांचे मत पडले, की या इसमाने कोणत्या ना कोणत्या स्वरूपात मद्यार्क घेतलेला आहे, पण तो मद्याच्या अमलाखाली दिसत नाही. इतके समतोल वाक्य लिहिणाऱ्या डॉक्टरांचे मला फार कौतुक वाटते. त्या एका वाक्यावर दोन्ही बाजूंच्या वकिलांची तीन वर्षे निर्वेध चालली.

आरोपीचे म्हणणे असे, की आपण जेवणानंतर बी. जी. फॉस नावाचे पौष्टिक घेतले होते, आणि त्या पौष्टिकात बाटलीवर छापल्याप्रमाणे शेकडा १७ या प्रमाणात मद्यार्क होता. शेकडा १७! सामान्य बिअरला जिच्यापुढे लाजून मान खाली घालावी लागेल अशी ही शक्तिवर्धक मात्रा दुकानात उजळ माथ्याने विकली जात होती, आणि ती घेणाऱ्यास कायद्याने अशक्त समजले जात होते. प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटांनी आरोपीस निर्दोष सोडले. येथे सरकारास वाईट वाटले आणि सरकारनेच हायकोर्टात अपील केले. हायकोर्टाने म्हटले, औषध घेतले म्हणता तर ते सिद्ध करा. आणि एक महिन्याची सक्तमजुरी व ५०० रुपये दंड ठोठावला. मग आरोपी विशेष परवानगीने सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथे प्रथम तीन न्यायमूर्तींपुढे सुनावणी झाली आणि त्यांच्यात मतभेद पडला. तेव्हा घटनात्मक प्रश्न पाच न्यायमूर्तींकडे गेला. घटनेने कायद्याचा एखादा तुकडा रद्द केला म्हणजे तो तुकडा पुस्तकात उरतो की उरत नाही, उरला तर कोणासाठी, आणि न उरला तर तो नाही हे सिद्ध कोणी करावयाचे, अशा प्रश्नांवर जो गंभीर खल झाला तो वाचताना, या साऱ्याच्या तळाशी एक चमचा पौष्टिक आहे याचा वाचकास विसर पडतो, आणि पडावा हेच योग्य. १९५४ च्या सप्टेंबरात निकाल लागला: घेतलेला पदार्थ मनाई केलेले मद्यच होते, औषध नव्हते, हे सरकारने सिद्ध करावयास हवे; आरोपीने नव्हे. एका न्यायमूर्तींचे मत निराळे पडले, परंतु बहुमताने शिक्षा रद्दबातल झाली. विधी महाविद्यालयांतून पेसिकाका प्रकरण म्हणून शिकवितात ते हेच. त्यात सरळ रेषेवरून अखेरपर्यंत ढळला नाही असा माझ्या मते एकच मनुष्य होता, आणि तो आरोपी होता.

विनोद बाजूस ठेवून सांगावयाचे, तर या निकालात मला एक प्रकारची दिलदारी दिसते. ज्या राज्यात गृहमंत्री दारूबंदीस धर्मकार्य समजत होते, त्याच राज्यातील एका तोंडास वास येणाऱ्या इसमासाठी देशाचे सर्वोच्च न्यायपीठ एकत्र बसले, आणि वासाने गुन्हा होत नाही, पुरावा आणा, असे सरकारास सांगते झाले. सरकारने ते मनास लावून घेतले. पुरावा पाहिजे काय? मग असा पुरावा आणू की त्याने मद्यप्याच्या धमन्यांतून बोलावे.

दरम्यानच्या काळात, कोणते औषध खरोखर औषध आणि कोणते औषधाच्या वेषातील मद्य हे ठरविण्यासाठी कायद्याने तज्ज्ञांचे एक मंडळच कल्पिले होते. एखादा पदार्थ मादक पेय म्हणून पिण्यास अयोग्य आहे की नाही, यावर या मंडळाने सरकारास सल्ला द्यावयाचा. असा सल्ला प्रामाणिकपणे द्यावयाचा तर तो कोणत्या पद्धतीने द्यावा, आणि बैठकीच्या उत्तरार्धातील सल्ला पूर्वार्धाइतकाच ग्राह्य धरावा काय, याविषयी अधिनियम मौन पाळतो. पण खरी क्रांती झाली ती १९५९ साली. त्या वर्षी केलेल्या दुरुस्तीने असे ठरले, की आरोपीच्या रक्तात मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्क्यांपेक्षा कमी नसेल, तर आपण प्यालो ते औषध होते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. आणि ते रक्त काढावे कसे, याचे स्वतंत्र नियम झाले.

हे नियम मी अनेकांना वाचून दाखविले आहेत, कारण निर्व्यसनीपणाचा एवढा कडेकोट दस्तऐवज दुसरा माझ्या पाहण्यात नाही. डॉक्टराने पिचकारी उकळत्या पाण्यात घालून निर्जंतुक करावी. ज्या ठिकाणी सुई टोचावयाची तेथील कातडी निर्जंतुक पाण्याने पुसावी. रक्त काढण्याच्या कोणत्याही टप्प्यावर मद्यार्कास स्पर्श करू नये. म्हणजे एरवी सुई टोचण्यापूर्वी ज्या स्पिरिटच्या बोळ्याने साऱ्या जगाचे दंड पुसले जातात, तो बोळा या एका इसमाच्या बाबतीत वर्ज्य. साऱ्या इस्पितळात ज्याच्या अंगावर मद्यार्काचा थेंब पडू द्यावयाचा नाही असा एकमेव मनुष्य कोण, तर जो मद्याने तुडुंब भरून आलेला आहे तो. पुढे, रक्त पाच सी.सी.पेक्षा कमी नसावे; ते गोठू नये आणि टिकावे म्हणून द्रव्ये घातलेल्या कुपीत ओतावे; कुपी जोराने हलवावी; तिच्यावर चिठ्ठी लावावी; लाखेने झाकण बंद करून त्यावर डॉक्टराच्या नावाचा शिक्का उठवावा; आणि सात दिवसांच्या आत ती परीक्षकाकडे पोहोचती करावी.

कायदा करणाऱ्यांना वाटले, आता मद्यपी पुरता सापडला. वकिलांनी हे नियम वाचले तेव्हा मात्र दसरा-दिवाळी एका दिवशी आल्याप्रमाणे त्यांचे चेहरे उजळले असावेत. जेथे पूर्वी बचावास एक बी. जी. फॉस होते, तेथे आता सरकारने स्वहस्ते दहा-बारा मुद्दे मोजून दिले होते. पिचकारी उकळली होती काय? उकळली तर किती वेळ? पाहिली कोणी? कातडी पुसली ती पाण्याने, की डॉक्टराच्या हाताला वर्षांची सवय म्हणून स्पिरिटने? कुपी हलविली ती जोराने की नुसतीच? लाखेवरील शिक्का डॉक्टराचा, मग तो शिक्का त्या रात्री कोणाच्या टेबलावर पडून होता? सातव्या दिवशी रविवार होता काय? दारू प्यालेल्या इसमाचा खटला म्हणून ज्याची सुरुवात झाली, त्यात आरोपीचे नाव क्वचित निघे. सारी उलटतपासणी त्या पिचकारीची होई.

खालच्या कोर्टातील दृश्य तर याहून रमणीय. तेथे आरोपीपेक्षा पंच अधिक नेमाने हजर असतो. पोलीस चौकीच्या समोर ज्याची पानपट्टी असते तो मनुष्य, पानाला चुना लावता लावता, अनेक पंचनाम्यांचा आधारस्तंभ होऊन बसतो. आणि तो सही करतो त्या प्रत्येक पंचनाम्यात बाटलीतील द्रव ‘आंबट उग्र वासाचा’ असतो, आरोपीचे डोळे लाल असतात आणि चालताना त्याच्या झोकांड्या जात असतात. या तीन लक्षणांची शब्दयोजना अशी पक्की झाली आहे, की कोशकार वामन शिवराम आपटे यांनाही तीत पर्यायी शब्द सुचविता आला नसता. हा पंच सरतपासणीपर्यंत मोठा धीराचा असतो. उलटतपासणीत तो ‘फुटतो’, आणि सही कोऱ्या कागदावर केली, आत काय लिहिले ते वाचले नाही, असे सांगून खाली उतरतो. मग उभा राहतो हवालदार. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध वकिलांनी सांगितलेला हा संवाद मला कोर्टाच्या साऱ्या निकालपत्रांहून प्रिय आहे.

“वास कशाचा येत होता?”

“दारूचा, साहेब.”

“तुम्ही कधी दारू प्यालात?”

“आयुष्यात नाही, साहेब.”

“मग दारूचा वास तो हाच, हे तुम्हाला कळले कसे?”

“प्यालेल्यांना धरून धरून, साहेब.”

“आणि ते प्यालेले होते हे कशावरून कळले?”

“वासावरून.”

वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे या उत्तरानंतर मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लेखणी खाली ठेविली, चष्मा पुसला, आणि शिक्षा दिली.

शिक्षा झाली म्हणजे अपिलाचा मार्ग मोकळा होतो, असे भोळ्या माणसांना वाटते. तसे नाही. अपील हा प्रत्येकाच्या नशिबी येणारा योग नव्हे. ज्याने पहिल्याच दिवशी हात जोडून गुन्हा कबूल केला, त्यास दोषी ठरविल्याबद्दल अपील करता येत नाही. फार तर शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली एवढेच म्हणता येते. सत्य बोलणाऱ्या मनुष्यास वर जावयाचे कारण नाही, असा यातील शास्त्रार्थ असावा. त्याचप्रमाणे प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटने नुसता १०० रुपयांपर्यंत दंड केला असेल, तर तेवढ्या क्षुल्लक दुःखाची दाद घेण्यास वरचे कोर्ट तयार नसते. त्यामुळे असा विलक्षण प्रसंग ओढवतो, की दयाळू मॅजिस्ट्रेट विशेष कारणे नमूद करून ९० रुपयांवर सोडावयास निघावा आणि आरोपीच्या वकिलाने मनातल्या मनात त्याच्या कठोरपणाची प्रार्थना करावी. पहिल्याच गुन्ह्यास कलम ६६ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आणि १,००० रुपयांपर्यंत दंड सांगितलेला आहे, आणि विशेष कारण नसेल तर तीन महिने व ५०० रुपये यांखाली उतरू नये असेही बजावलेले आहे. जो कोर्टाच्या दयेतून निसटून या पूर्ण मापाच्या शिक्षेपर्यंत पोहोचतो, त्या भाग्यवंतासाठी सेशन्स कोर्टाचे दार उघडते.

दार उघडते ते ३० दिवसांपुरते. परंतु निकालाची नक्कल मिळण्यास जो काळ लागेल तो त्यातून वजा. या एका सवलतीमुळे नक्कलखात्यास आमच्या न्यायव्यवस्थेत काळाचे नियमन करणाऱ्या देवतेचे स्थान प्राप्त झाले आहे. अर्ज करावा, तिकीट लावावे, खेपा घालाव्या. नक्कल उशिरा मिळाली तर मुदत लांबते आणि लवकर मिळाली तर वकील गडबडतात. ती नक्कल जोडून अपिलाचा जो मसुदा तयार होतो त्यातील मुद्द्यांचा क्रम मोठा मनोवेधक असतो. पहिल्या मुद्द्यात बाटली अपीलकर्त्याची नसते. दुसऱ्यात ती त्याची असली तरी तीत दारू नसते. तिसऱ्यात दारू असली तरी ती औषध असते. चौथ्यात ते औषध त्याने घेतलेले नसते. पाचव्यात घेतले असले तरी रक्त नियमाप्रमाणे काढलेले नसते. आणि शेवटी, मागील सर्व मुद्द्यांस बाध न येता, अपीलकर्ता हा एकटा कमावता असून त्याचा हा पहिलाच गुन्हा आहे, सबब शिक्षा कमी व्हावी, अशी विनंती असते. एकच मनुष्य एकाच संध्याकाळी प्यालाही नव्हता, औषध प्यालाही होता आणि पहिल्यानेच प्याला होता, हा त्रिविध अनुभव ज्यास एका नवटाकात येतो, त्यास खालच्या कोर्टाने सामान्य मद्यपी समजावे, हाच खरा पुराव्याचा विपर्यास होय.

आणि गंमत अशी की वरची कोर्टे हे ऐकून घेतात, नीट घेतात. सरकारचे नशीबही कधी कधी फळफळते: १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले, की पोलिसांनी नियमांप्रमाणे पाठवून केलेली रक्तपरीक्षा हाच काही प्राशनाचा एकमेव पुरावा नव्हे, तो इतर मार्गांनीही येऊ शकतो. पण १९७१ सालच्या दुसऱ्या एका अपिलात पारडे फिरले. त्या खटल्यात श्वासास वास होता, चाल अस्थिर होती, बोलणे असंबद्ध होते, बाहुल्या विस्फारल्या होत्या. म्हणजे पंचनाम्यातील सारी विशेषणे यावेळी खुद्द डॉक्टराच्या मुखातून आली होती. रक्तही तपासणीस गेले होते. फक्त त्याचा अहवाल कोर्टात दाखल झालाच नव्हता, आणि लघवीची तपासणी कोणी केलीच नव्हती. न्यायालय म्हणाले, एवढ्यावरून मद्यप्राशनाचा निष्कर्ष काढता येत नाही. १९५४ सालचा अपीलकर्ता सरळ रेषेवरून चालत सुटला होता. सतरा वर्षांनी कायद्याने इतकी प्रगती केली, की वाकडे चालूनही सुटता यावे. अहवाल कोठे अडकला हे निकालपत्र सांगत नाही. तो एखाद्या फडताळात सुतळीने बांधलेला असेल, तर त्यातील रक्त कोणाचे हे आता त्या रक्ताच्या धन्यासही आठवणार नाही.

एवढ्या धडपडीनंतर महाराष्ट्राने साठाच्या दशकापासून बंधने सैल करीत आणली. गुजरातने १ मे १९६० रोजी वेगळे होताना हा अधिनियम वारशात उचलला आणि अजून जपला आहे. आपण त्याचा नुसता सांगाडा ठेवून आत परमिट रूम उघडली. कायदा दारूबंदीचाच राहिला, खाते उत्पादन शुल्काचे झाले, आणि एकाच अधिकाऱ्याने सकाळी दारू बंद करावी व संध्याकाळी तिच्यापासून महसूल वाढवावा, अशी कामाची वाटणी झाली. पाच रुपयांत एका दिवसाचा विदेशी मद्याचा परवाना मिळतो, देशीचा दोन रुपयांत. वर्षाचा किंवा जन्माचा काढणाऱ्याच्या परवान्यावर, हे सेवन आरोग्याच्या रक्षणार्थ आहे, अशी स्वच्छ नोंद असते. बलसारांनी ज्यासाठी घटनेची पाने उलटविली आणि परिवहन अधिकाऱ्यांनी ज्यासाठी दिल्लीपर्यंत मजल मारली, ते आजारपण आता पाच रुपयांत घाऊक मिळते. परवाना खिशात नसलेला मनुष्य मात्र आजही कायद्याने गुन्हेगारच आहे, आणि त्यामुळे शहरातील प्रत्येक मद्यगृहात रोज संध्याकाळी किती संभाव्य अपीलकर्ते बसलेले असतात याचा हिशेब कोणी केलेला नाही.

त्या वृद्ध वकिलांकडे अशा अपिलांचा मोठा संग्रह आहे. त्यातील एकाचा शेवट सांगून हा विषय आटोपता घेतो. तालुक्याच्या गावचा एक सुतार, कब्जात विनापरवाना बाटली सापडली म्हणून शिक्षा झालेला, सेशन्स कोर्टात संशयाचा फायदा मिळून सुटला. भरलेला दंड परत द्यावा, आणि मुद्देमाल अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा, असा नेहमीचा हुकूम झाला. सुताराने तो वकिलांकडून दोनदा समजावून घेतला. दंड परत मिळणार याचा त्याला आनंद झाला. पण मुद्देमाल नष्ट करावा हे काही त्याच्या मनास पटेना.

“वकीलसाहेब,” तो म्हणाला, “त्यात दारू होती असं सरकारला दाखवता आलं नाही ना?”

“नाही आलं.”

“मग निर्दोष माणसाचा माल सरकार कसा ओतून देईल? परत मागता येईल का?”

वकिलांना त्याचा युक्तिवाद कायदेशीरदृष्ट्या निर्दोष वाटला. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला, वर कोर्टाचे नाव लिहिले, आणि म्हणाले, “येईल की. फक्त अर्जाच्या सुनावणीला तुला स्वतः पिंजऱ्यात उभं राहावं लागेल, बाटली हातात घ्यावी लागेल, आणि ही माझीच, असं शपथेवर सांगावं लागेल.”

सुताराने थोडा विचार केला, आणि दंड परत मिळण्याच्या अर्जावर तेवढी सही करतो म्हणाला.